एकविसातली तीन जेवणं

प्रिय ताई,

मी एकोणतीस वर्षांची, मूळची कोल्हापूरची, नोकरीसाठी पुण्यात असते. दीड वर्षापूर्वी व्हीगन झाले. मांस, मासे, अंडी, दूध सगळं सोडलं आणि मला खूप हलकं वाटतं. आमच्या आबांना (वय 58) जानेवारीत ॲटॅक आला, एक स्टेंट घातलाय. अकरा वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. आबा जाड नाहीत. तरुणपणी तालमीत जायचे, अजून सडसडीत आहेत. म्हणजे हे मटणामुळंच झालं ना? बुधवारी आणि रविवारी आमच्याकडं मटण असतंच. बाकी त्यांचं खाणं साधंच आहे. सकाळी चहा-खारी, नाष्ट्याला पोहे नाहीतर शिरा, दुपारी चपाती-भात-आमटी, चारला चहा आणि चिवडा, रात्री बटाट्याची भाजी, चपाती, भात. मी घरच्या ग्रुपवर डॉक्टरांचे व्हिडिओ टाकते. भाऊ-वहिनीसुद्धा उघडून बघत नाहीत. गेल्या आठवड्यात त्र्यंबोलीच्या जत्रेला घरी गेले होते. पंगत बसलेली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आबा, आईनं तुमच्या ताटात मरण वाढलंय.’ आबा ताटावरून उठले. आई तेव्हापासून फोन घेत नाही. भाऊ म्हणतो, तू आता आमच्यातली राहिली नाहीस. मला आबांना वाचवायचंय. या लोकांना कसं पटवून देऊ?

आबांची लेक, पुणे

*

लाडक्या लेकी,

भरल्या ताटावरून माणूस उठणं म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या मुलीला मी सांगायला नको. तेही आषाढातल्या जत्रेला, पंचगंगेचं नवं पाणी टेंबलाईला, म्हणजे त्र्यंबोलीला, घालून आल्यावर. पण मला काळजी आबांची नाही. ते संध्याकाळपर्यंत निवळले असतील. तुझं वाक्य परत वाच. ‘आईनं’ हा त्यातला पहिला घाव आहे. तीस वर्षं मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम केलं. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या बायका हळू आवाजात एकच प्रश्न विचारायच्या: ‘माझ्या हातचं खाऊनच यांना हे झालं का हो?’ तुझी आई जानेवारीपासून रोज रात्री हेच मनात घोळवत असणार. तू ते पंगतीत मोठ्यानं बोललीस.

तेव्हा आधी गाडीत बस आणि घरी जा. फोनवर भागणार नाही, ती घेतच नाही. आईची माफी माग, कोरा चहा पी, तिच्याबरोबर भाजी निवडायला बस. त्या दिवशी आहाराचा विषय काढायचा नाही. आबांच्या ताटात काय पडतं हे तुझे व्हिडिओ ठरवत नाहीत, डॉक्टरही ठरवत नाहीत. ते ती ठरवते. तिला दुखवून त्या घरातला एक चमचा तेलसुद्धा कमी होणार नाही.

आता मुद्द्याचं. तुझं म्हणणं चुकीचं नाही. डाळी, कडधान्यं, पालेभाज्या, फळं, अख्खी धान्यं, दाणे-तीळ-जवस यांनी भरलेलं ताट हृदयाला आणि साखरेला बरं, आणि त्यात लाल मांस जितकं कमी तितकं चांगलं. बकऱ्याचं मटणही लाल मांसच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत देशातल्या आजारांच्या ओझ्यापैकी 56.4 टक्के वाटा चुकीच्या आहाराचा आहे असा अंदाज दिलाय. दिवसाच्या ताटात 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं असावीत असं ती तत्त्वं सांगतात. दिशा तुझी बरोबर आहे. हिशेब चुकलाय.

हिशेब तूच पत्रात मांडून दिलायस, आणि वर ‘बाकी साधंच’ असा शेरा मारलायस. मोजू या. नाष्टा धरून आठवड्याची जेवणं एकवीस. बुधवारी रात्री मटण, रविवारी दुपारी मटण, रविवारी रात्री उरलेला रस्सा. झाली तीन. उरलेली अठरा काय आहेत? पोहे, शिरा, भात, चपाती, बटाटा. मधल्या वेळेला खारी, चिवडा आणि चहातली साखर. शिऱ्यातलं तूप आणि चहातलं दूध सोडलं तर यातलं सगळं वनस्पतीचं. म्हणजे तुझे आबा एकविसातल्या अठरा जेवणांना जवळजवळ तुझ्याच पंथात आहेत, आणि तरी नळी तुंबली. खारीतला मैदा गव्हाचा, तिच्यातलं वनस्पती तूप तेलाचं, साखर उसाची, साबुदाणा कंदाचा. वडापावही नखशिखांत व्हीगन आहे.

हार्वर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये नेमकं हेच दाखवलं. दोन लाखांवर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या खाण्याची वर्षानुवर्षांची माहिती त्यांनी तपासली. अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं, दाणे खाणाऱ्यांत हृदयविकार कमी दिसला. मैदा, साखर, गोड पेयं, बटाटा यांवर भिस्त ठेवणाऱ्यांत तो जास्त दिसला, आणि हेही वनस्पतीच खात होते.

हे मला आज कळलं असं नाही. फार वर्षांपूर्वी एका पेशंटनं शिकवलंय. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका शेतकऱ्याला ॲटॅकनंतरचा छापील कागद दिला. वर ठळक अक्षरांत ‘मांसाहार पूर्ण वर्ज्य’. खाली बारीक अक्षरांत बरंच काही, जे मीही कधी मोठ्यानं वाचून दाखवलं नव्हतं. सहा महिन्यांनी गडी आला तो शुगर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) दोन्ही वाढवून. म्हणाला, ‘बाई, तुमी सांगितल्यापास्नं मटणाला शिवलो न्हाई. पण प्वाट भरंना, मग भात वाढवला.’ भाताबरोबर पापड, सकाळी टोस्ट, सोमवारी-शनिवारी उपवासाची साबुदाण्याची खिचडी, आणि जिवाला बरं वाटावं म्हणून रात्री दोन केळी. त्यानं माझा शब्द पाळला होता. मीच त्याला काय खाऊ नको ते सांगितलं आणि काय खा ते सांगायचं राहिलं. तुझ्या व्हिडिओंचंही तेच चाललंय.

‘आबा जाड नाहीत, म्हणजे मटणामुळंच’ हेही जुळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव तू तिथं राहून ऐकलं असशील. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडमधले त्यांचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, एकच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2 टक्के. आपली जात, म्हणजे भारतीयांची, वरून काटक आणि आतून चरबीची. हातपाय बारीक, पोट थोडं पुढं. तालीम सुटली, खुराक राहिला, शुगर अकरा वर्षांची, वय 58. ॲटॅकला एवढी कारणं रांगेत उभी असताना एकट्या बकऱ्याला फासावर चढवू नकोस. तंबाखू-विडीचं तू काही लिहिलं नाहीस. असेल, तर तो विषय मटणाच्या कितीतरी आधी.

व्हिडिओंबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. ‘शाकाहारानं ब्लॉकेज उघडतात, गोळ्यांची गरज नाही’ हे त्यांतलं लाडकं वाक्य. त्याच्या मुळाशी अमेरिकेतल्या डॉ. डीन ऑर्निश यांचा 1990 चा प्रयोग असतो. प्रयोग खरा आहे आणि महत्त्वाचाही. जीवनशैली बदललेल्या गटात 28 रुग्ण होते. वर्षभरानं त्यांच्यातल्या 82 टक्के लोकांच्या नळ्यांत सुधारणेकडं कल दिसला. पण त्यांनी नुसतं मांस सोडलं नव्हतं. तेल-तूप जवळजवळ बंद, धूम्रपान बंद, रोजचा व्यायाम, योगासनं-ध्यान आणि नियमित गटाच्या बैठका. एवढं सगळं एका लहानशा गटानं केलं, त्याचं ते फळ. आबांच्या स्टेंटला सहा-सात महिने झालेत. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या परस्पर बंद केल्या तर स्टेंटच तुंबू शकतो. कोलेस्टेरॉलच्या गोळीचंही तसंच, ती डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी होईल. यातला एखादा व्हिडिओ आबांनी चुकून पाहिला आणि पटवून घेतला, तर काय होईल याचा विचार कर. ग्रुपवरचे सगळे काढून टाक, आजच.

मग करायचं काय? श्रावण तोंडावर आलाय. कोल्हापूरच्या मटणवाल्या घरांतही श्रावण पाळतात, तुझ्याकडंही पाळत असतील. इथं कुणाला पटवावं लागत नाही. महिनाभर मटणाचा प्रश्नच निघत नाही आणि कुणाला हरल्यासारखंही वाटत नाही. आपल्याकडं माळ घालून गळ्याशपथ मटण सोडलेले पैलवान मी पाहिलेत. त्यांना कुणी व्हिडिओ पाठवला नव्हता. पंढरीची वाट धरली आणि सुटलं. माणूस स्वतःच्या कारणानं सोडतो. दुसऱ्याच्या कारणानं फक्त चिडतो.

श्रावणातला धोका एकच, उपवास. साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, बटाट्याचा कीस, वर दाण्याचं कूट. शुगरवाल्या माणसासाठी हा फराळ म्हणजे भातापेक्षा वाईट सौदा. आबा सोमवार धरत असतील तर आईला सांगून तो ताक, फळ, राजगिरा आणि मूठभर दाणे यांवर काढायला लावता येईल का बघ. त्यांच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवासही नको आणि भात एकदम निम्माही नको. शुगर घसरते, आणि घसरलेली शुगर चढलेल्या शुगरपेक्षा लवकर माणूस पाडते.

उरलेल्या दिवसांत लढाई नाष्ट्यापासून सुरू कर. पोहे बंद करू नकोस, पोह्यांत मोड आलेली मटकी घालायला सांग, निम्मे पोहे निम्मी मटकी. चार दिवसांनी मुगाचं धिरडं. शिरा सणाला. चारच्या चहाबरोबर खारी-चिवड्याच्या जागी भाजके फुटाणे. कोल्हापुरी माणसाला फुटाणे-शेंगदाणे खाण्यात कमीपणा वाटत नाही, हे आपलं नशीब. दुपारी आमटी पातळ असते, ती घट्ट करायची. आपल्या घरांतल्या वरण-आमटीत डाळ शोधावी लागते, आणि पुस्तकात मात्र आपण ‘डाळ खाणारे’. डाळी-कडधान्यांचा ऐवज माणशी दिवसाला 85 ग्रॅमच्या आसपास हवा. तेवढी कच्ची डाळ एकदा वजनकाट्यावर टाकून बघ. घरात शिजते त्याच्या दुप्पट तरी निघेल. जेवायला बसल्यावर आधी कोशिंबीर आणि पालेभाजी, मग उसळ, भाकरी-भात शेवटी. नुसता हा क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते, आणि यात कुणाचं काही हिरावून घ्यावं लागत नाही. भाकरी ज्वारीची उत्तम, पण ती औषध नाही. चार भाकऱ्या खाल्ल्या तर चार भाकऱ्यांचीच साखर होते. आबांच्या मूत्रपिंडाचा रिपोर्ट, म्हणजे क्रिएटिनिन, एकदा डॉक्टरांना दाखवून घे. तो बिघडलेला असेल तर पालेभाज्या, डाळी, फळं यांचं गणित वेगळं मांडावं लागतं.

आणि रात्री बटाट्याच्या जागी अख्खा मसूर. सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांवरचे ढाबेवाले ज्याच्यावर गाड्या थांबवतात, तोच. कांदा-लसूण चटणी तीच, खोबरं-तीळ-धणे भाजलेलं वाटण तेच, झणका तोच. आपल्याकडच्या माणसाचं निम्मं प्रेम मटणावर असतं आणि निम्मं मसाल्यावर. हे दुसरं निम्मं फुकट तुझ्या बाजूचं आहे. फक्त सोयाचे तुकडे रश्श्यात टाकून ‘बघा, अगदी मटणासारखं लागतं’ म्हणू नकोस. नाही लागत. मसूर मसुरासारखा लागतो, म्हणून तो खपतो.

तेलाबद्दल घरी एक विचारून बघ. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा किती दिवस पुरतो? माणशी दिवसाला 27 ग्रॅमच्या आसपास तेल-तूप पुरे, या हिशेबानं डबा दीड महिना चालायला हवा. तुमच्याकडं तीन आठवड्यांत संपत असेल, तर आबांच्या काळजावरचा मोठा बोजा त्या डब्यात आहे. वहिनीला डब्यावर उघडल्याची तारीख लिहायला सांग. सूचना द्यायची नाही, नुसती तारीख. दुसऱ्या डब्याला ती आपोआप लांबते, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

श्रावण संपला की मटण परत येईल. येऊ दे. हे वाचताना तुझं तोंड वाकडं होणार, कळतंय मला. पण जिथं 2019 च्या अखेरीस मटणाच्या दरावरून आंदोलन पेटलं आणि विक्री बंद पडली, त्या गावची तू आहेस. तिथं ‘कायमचं बंद’ म्हणालीस की चर्चाही कायमची बंद. त्यापेक्षा बुधवार मागून घे, रविवार सोडून दे. रविवारी चार फोडी, चरबीचा तुकडा आणि भेजा नको. रस्सा आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवला तर सकाळी वर कट थिजून बसतो, तो चमच्यानं उचलून टाकायचा. आबा म्हणतील तवंग नाही तर तांबडा कसला. म्हणू दे. पांढऱ्यातलं नारळाचं दूध आणि काजूही वनस्पतीच आहेत, पण वाटीवर वाटी तेही नको. आणि बुधवारी आईनं मासा केला तर कृपा करून गप्प बस. तळलेला नसेल तर मासा आबांच्या हृदयाचा शत्रू नाही.

इथंच तुला एक गोष्ट स्वतःशी निवडावी लागेल. तुला प्राण्यांची दया येते म्हणून तू सोडलंस की तब्येतीसाठी? पहिलं कारण असेल तर ते मोठं आहे, अभिमानानं सांग. पण आबांच्या आजाराच्या पुडीत बांधून ते विकू नकोस. त्यांना लगेच कळतं. ‘शुद्ध’, ‘सात्त्विक’, ‘तामसी’ हे शब्द तर त्या घराच्या उंबऱ्यावरच ठेवून आत जा. आपल्याकडं कुणी काय खातं यावरून माणसाची पायरी ठरवली गेली, भाड्यानं घर नाकारलं गेलं, अजून जातं. तू तब्येतीचं बोलतेस आणि समोरच्याला ऐकू येतं की तुम्ही खालचे. भाऊ ‘तू आमच्यातली राहिली नाहीस’ म्हणाला, ते मला वाटतं याच जागेवरून. त्याच्याशी वाद घालू नकोस. त्याला एवढंच विचार, तुझी स्वतःची शुगर शेवटची कधी तपासलीस? बापाला अकरा वर्षांची आहे, पोराला वर्षातून एकदा तरी बघायला हवी.

राहिली तू. दीड वर्षात दूधही नाही, अंडंही नाही, आणि पत्रभर बी-12 चा उल्लेख नाही. हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या प्राणिज पदार्थांतूनच मिळतं. मोड आलेली कडधान्यं, इडलीचं पीठ, स्पिरुलिना (शेवाळाची पूड) यांवर विसंबू नकोस. डॉ. याज्ञिकांच्याच गटानं पुण्याच्या परिसरात पुरुषांची तपासणी केली, तेव्हा दोनतृतीयांश जणांत बी-12 कमी निघालं होतं, आणि ते तर दूध पिणारे लोक. शरीरातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून आत्ता ‘हलकं’ वाटतंय. मुंग्या, विसरभोळेपणा, थकवा हे मागाहून येतात. गोळी रोजची किंवा आठवड्याची डॉक्टरांना विचारून ठरव, पण सुरू कर. नाचणी-तीळ खा, उसळीवर लिंबू पिळ आणि जेवल्या जेवल्या चहा पिऊ नकोस, लोह अंगी लागत नाही. आबांचंही बी-12 तपासून घ्या. मेटफॉर्मिन अकरा वर्षं घेतलेल्या माणसात ते आधीच खाली आलेलं असू शकतं, आणि आता आपण त्यांचं मटणही कमी करतोय.

रविवारी घरी असशील तेव्हा वेगळी जेवू नकोस. पंगतीला बस, आबांच्या शेजारी. तुझ्या ताटात भाकरी, वांगं, कांदा, आईच्या हातची जवसाची चटणी. त्यांच्या ताटाकडं बघायचं नाही. त्यांनी तुझ्या ताटातलं वांगं मागितलं तर वाढ, आणि काही बोलू नकोस.

बी-12 चा रिपोर्ट आला की आकडा मला कळव. आणि तेलाच्या दुसऱ्या डब्यावरची तारीखही.

तुझी,
ताई